काचेआडचा झारा

दादाच्या दुबईतल्या नव्या व्हिलात शिरलं की डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. आमच्या लहानपणी कोनाड्यात काड्यापेटी असायची, फार तर खोकल्याच्या औषधाची बाटली. दादाच्या कोनाड्याला काच आहे. वरून पिवळ्या प्रकाशाचा झोत पडतो, मागे मरून रंगाची मखमल आहे, आणि त्या मखमलीवर दोन पितळी आकड्यांमध्ये आमच्या आजोबांचा झारा अडकवलेला आहे.

बुंदी पाडायचा लोखंडी झारा. हातभर दांडा, बशीएवढं पसरट तोंड, त्यात मुगाच्या दाण्याएवढी भोकं. कुणीतरी त्याला वार्निश फासलंय. जन्मभर तेल प्यायलेल्या लोखंडाला वार्निश! खाली पितळी पाटीवर इंग्रजीत कोरलंय : ‘शाही मुदपाकखान्यातून’.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी वास्तुशांतीचं जेवण होतं. मी शारजाहून एकटीच गेले. माझा नवरा अशा ठिकाणी यायचं टाळतो, आणि त्याचं टाळणं मला दर वेळी तिथे पोहोचल्यावरच पटतं. पाहुणे कोनाड्यासमोर वर्तुळ करून उभे होते. पुण्यामुंबईची, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं. बायकांच्या अंगावर आज्यांच्या साड्या कापून शिवलेली जाकिटं.

“आमच्याकडे सासूबाईंचं पुरणयंत्र आहे. आम्ही त्याचा लॅम्प केलाय,” एक बाई म्हणाल्या.

“आमच्या आजीचा पाटा बाल्कनीत आहे. त्यावरून पाणी सोडलंय. इतकं कामिंग वाटतं!” दुसऱ्या म्हणाल्या.

पाट्यावरचं पाणी शांत वाटायला माणसानं त्यावर कधी वाटलेलं नसावं लागतं. मी मनाशीच म्हटलं आणि हसून मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत आहे.

दादा मधे उभा होता. रेशमी झब्बा, हातात थंड कोकम. “आमचे आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्याचे प्रमुख होते,” तो म्हणाला. “राजेसाहेबांना त्यांच्या हातचीच बुंदी लागायची.”

“कुठलं संस्थान हो?”

“दक्षिणेकडचं. छोटंसंच.”

संस्थान छोटंसं ठेवण्याइतकं भान त्याला होतं. मोठं ठेवलं असतं तर कुणीतरी नाव विचारलं असतं. मग जेवणं झाली. अॅल्युमिनियमच्या ट्रेमधून केटररचं जेवण आलं होतं, आणि गोडाला काय, तर प्लॅस्टिकच्या डब्यांतली बुंदी. कडक, गार, डालड्याचा थर आलेली. काचेत झारा आणि ताटात ती. मी एक घास घेतला आणि ताट बोटानं पुढे सरकवलं.

ते बोटानं ताट सरकवणं माझं नव्हे, तात्यांचं आहे. आमच्या आजोबांना सगळं गाव तात्या म्हणायचं.

तात्या लग्नाचे आचारी होते. मिरजेच्या पलीकडच्या पंचक्रोशीत वैशाखात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. बाबा आधी एकटेच इकडे, आखातात आले. मी सात वर्षांची होईपर्यंत आई, दादा आणि मी तात्यांजवळच होतो. तात्या मला लग्नांना घेऊन जात. मांडवाच्या मागे पत्र्यांचा आडोसा उभारलेला असे, त्याला तात्या स्वतःच ऐटीत मुदपाकखाना म्हणत. “चल पोरी, मुदपाकखान्यात चल, राजे उपाशी आहेत.” राजे म्हणजे कुणाचा तरी दारू पिऊन आलेला मामा. दादानं शब्द तेवढा बरोबर लक्षात ठेवला होता.

त्या आडोशाचा वास मला अजून येतो. बाभळीच्या लाकडांचा डोळ्यांत जाणारा धूर, केळीच्या पानांच्या चिरलेल्या देठांचा कच्चा वास, मठ्ठ्यातलं आलं, आणि या सगळ्यावर तरंगणारा उकळत्या पाकाचा वास. जमिनीत खणलेल्या चुलाणावर मोठी कढई. तात्या उघडे, कमरेला पंचा, छातीवरचे पांढरे केस घामानं चिकटलेले. तेल तापलं का ते बघत नसत, ऐकत. मग एका हातानं झारा कढईवर धरायचा, दुसऱ्या हातानं वाडग्यातलं पीठ ओतायचं आणि झाऱ्याचा दांडा कढईच्या काठावर ठोकायचा. टण्ण. टण्ण. टण्ण. प्रत्येक ठोक्याला पिवळ्या कळ्यांची सर तेलात पडायची. बुंदी म्हणायचे नाहीत ते, कळ्या म्हणायचे. “कळी गोल पाहिजे. शेपटी आली की समजावं, पीठ घट्ट. चपटी झाली की समजावं, आचारी पातळ.”

दुसऱ्याच्या हातचं त्यांना कधी आवडलं नाही. परक्या मांडवात जेवायला बसले की पहिला घास घ्यायचे आणि एका बोटानं पान पुढे सरकवायचे. “याला बुंदी म्हणायचं? या औषधाच्या गोळ्या आहेत.” यजमान पडलेल्या चेहऱ्यानं उभा. आजी जिवंत असेपर्यंत म्हणायची, यांच्या नाकाला जन्मतःच मुरड आहे. त्यांच्या जमिनीचा तुकडा गेला, घर गेलं, आजी गेली. ती मुरड मात्र न वाटता, न मोडता माझ्याकडे आली.

मग आम्ही शारजाला आलो. बाबा दुबईपलीकडे, जबल अलीच्या एका कामगार छावणीच्या भटारखान्यात होते. अंधार असतानाच कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी परत आणून टाकायची. दोन हजार माणसांची डाळ ते एका भांड्यात शिजवायचे. कपड्यांना कांद्याचा आणि फिनेलचा वास यायचा. आम्ही शाळेत सांगायचो, बाबा ‘फूड सर्व्हिसेस’मध्ये आहेत. आईनं आम्हाला हे शिकवलं नव्हतं. शाळेच्या बसमध्ये बसल्यावर हे आपोआप येतं.

मी बारा वर्षांची असताना एका हिवाळ्यात तात्या तीन महिने आमच्याकडे राहायला आले. व्हिजिट व्हिसावर, पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन धोतरं, अंगारा, मेतकुटाची पुडी आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेला झारा. विमानतळावरच्या माणसानं तो दोन्ही हातांनी वर धरला, उजेडाकडे करून त्याच्या भोकांतून पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, हसला आणि अरबीत चला, चला म्हणाला, “यल्ला, यल्ला.” तात्या घरी येईपर्यंत टॅक्सीत तो शब्द घोळवत होते. “यल्लम्माची आठवण काढतात होय हे लोक?”

तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर त्यांना डब्यासारखं वाटलं. समुद्र त्यांना आळणी वाटला. लाटा नाहीत, नुसतं पाणी. खाली बेकरीतून आणलेला खुबूस, म्हणजे इथली पातळ रोटी, त्यांनी चिमटीत धरून पाहिला. “दोन कागद चिकटवलेत.” पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः बेकरीपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. भट्टीसमोर खड्ड्यात बसून एक पठाण एका हातानं पीठ लाटायचा, उशीवर ताणायचा, वाकून भट्टीच्या भिंतीला लावायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तात्या रोज संध्याकाळी जाऊन तिथे अर्धा तास उभे राहू लागले. पठाणानं त्यांच्यासाठी तेलाचा डबा उपडा घालून ठेवला. “हात बरा आहे त्याचा,” तात्या एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या हातासाठी निघालेले तेवढेच चार शब्द मी ऐकले आहेत.

मग त्यांनी ठरवलं की मजल्यावरच्या सगळ्यांना बुंदी करून घालायची. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. आदल्या दिवशी आईनं बेसन आणलं, ते त्यांनी हातावर घेऊन फुंकलं, नाक मुरडलं आणि पुन्हा चाळलं. मला म्हणाले, “पोरी, उद्या कढईपाशी ये. ठोका शिकवतो.” मी म्हटलं, “केसांना वास लागतो तात्या. संध्याकाळी मैत्रिणीचा वाढदिवस आहे.” ते पुन्हा बेसन चाळायला लागले.

शुक्रवारी सकाळी अख्खा जिना वेलदोड्यानं आणि तुपानं भरून गेला. शेजारच्या मलबारी नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या, त्या झोपायच्या सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या पॅलेस्टिनी मास्तरांनी दोन ताटल्या नेल्या आणि ताटल्या परत करताना त्यांत खजूर घातले. तात्या उघडेच, पंचा नेसलेले, कोपरापर्यंत पाक, हातात झारा, जिन्यापर्यंत जाऊन लोकांना आग्रह करत होते. मी इतक्या आनंदात त्यांना मांडवातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात दादाचे दोन मित्र आले. शाळेच्या प्रोजेक्टचं काहीतरी होतं. चांगल्या घरची मुलं, दुबईहून गाडीनं आलेली. दारात तात्या. एकानं विचारलं, हे कोण?

पंधरा वर्षांचा दादा म्हणाला, “अवर कुक. इंडियाहून आणलाय.”

तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण जबल अलीत बाबा काय आहेत, हे त्यांना विचारून विचारून माहीत झालं होतं. कुक हा शब्द त्यांना चांगला कळत होता. मग त्यांनी झारा खाली ठेवला, दोन वाट्या भरल्या, किंचित वाकले आणि त्या पोरांपुढे धरून हिंदीत म्हणाले, “लीजिए साहब.”

ते वाकणं मी विसरले नाही. यजमानांची पानं सरकवणारा माणूस मी त्या दिवशी वाकलेला पाहिला.

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा त्यांनी दादावर हात उगारला. तात्यांनी तो धरला. “खोटं काय बोलला तो? आचारीच आहे मी. तूही आहेस.” त्यानंतर उरलेले दहा दिवस त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. विमानतळावर बाबा आणि दादा सोडायला गेले. मी शाळेत होते. आणि परत आले तेव्हा झारा दादाच्या हातात होता.

दादाच्या हातात! ज्यानं त्यांना दारात गडी केलं, त्याच्या. माझ्यासाठी तात्यांनी एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी ते गेले. झारा दादाच्या कपाटात गेला, कपाटातून माळ्यावर, भाड्याच्या एका घरातून दुसऱ्या घराच्या माळ्यावर. मी दोनदा मागितला. एकदा माझ्या लग्नात, एकदा बाबा गेल्यावर. दोन्ही वेळा तो म्हणाला, “राहू दे ना, सापडला की देतो.” बाबा गेल्यावर मला आईचं मधे खोल गेलेलं पोळपाट मिळालं आणि बाबांचा थर्मास. मी दोन्ही रोज वापरते आणि वापरते हे चारचौघांत सांगतेही. इतकी वर्षं मी मनात हेच घोकत आले की वस्तूची कदर मला आणि मालकी त्याला. हा अन्याय मी जपून ठेवला. दागिना जपावा तसा. एखाद्या पोकळ दुपारी काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा.

तर त्या शनिवारी मी व्हिलाच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तिथे ईशान एकटाच ओट्यावर बसून डब्यातली बुंदी चिवडत होता. ईशान दादाचा मुलगा, बावीस वर्षांचा. इथेच जन्मला, इथेच शिकला. मी मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. आमचं बरं चालतं.

“आत्या, वॉज ही रिअली अ रॉयल शेफ?”

“कोण सांगतं? लग्नाचे आचारी होते ते.”

“लाइक अ केटरर?”

“केटरर माणसं पाठवतो. तात्या स्वतः उभे राहायचे.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. पत्र्याचा आडोसा, चुलाण, ठोके, पठाणाची बेकरी. त्याचे डोळे चमकायला लागले. “बट दॅट्स सो मच बेटर! देन व्हाय डज बाबा लाय?”

मला याच प्रश्नाची भूक होती. जिन्यातलं मी चवीनं सांगितलं, एकेक शब्द निवडून, दादाचा आवाज काढून. सांगताना मला बरं वाटत होतं हे कबूल करते. बाहेर हॉलमधून दादाचं हसणं ऐकू येत होतं, आणि इथे त्याच्या मुलाच्या मनातून मी त्याला बोटानं पुढे सरकवत होते.

ईशाननं बुंदीच्या डब्याचं झाकण लावलं. मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, “अँड यू, आत्या? यू वेअर देअर, राइट? तू काय केलंस?”

हा शेवटचा प्रश्न त्यानं मराठीत विचारला.

मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. बाबांनी नाही, आईनं नाही. त्या शुक्रवारी मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते. दादा ‘कुक’ म्हणाला तेव्हा तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, माझ्याकडे पाहिलं होतं. ते दोघे मित्रही माझ्याकडे बघत होते. त्यांतल्या एकाचे केस फार छान होते.

“मी हसले,” मी म्हटलं.

“हसलीस म्हणजे?”

“म्हणजे खरं आहे असं हसले. हो, कुकच आहे, असं.”

दारात दादा रिकामा जग घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं जग ओट्यावर ठेवला. “बाहेर पाणी हवंय,” तो म्हणाला आणि निघून गेला. मीही निघाले. वहिनीनं हातात परतीची भेट दिली, छोटासा पितळी झारा, चावी अडकवायला. शारजापर्यंतच्या गर्दीत दीड तास तो माझ्या शेजारच्या सीटवर खुळखुळत होता. पहिल्या सिग्नलला मी पाहुण्यांवर चिडत होते, दुसऱ्याला वहिनीवर. नंतर मला कुणी सापडेना.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. मी शारजातच अल मजाजला राहते, खाडीच्या काठच्या एका टॉवरमध्ये. दादा इथे वर्षातून एकदा भाऊबिजेला येतो आणि आल्या आल्या पार्किंगवरून बोलायला लागतो. या वेळी तो पार्किंगबद्दल बोलला नाही. काखेत टॉवेलची गुंडाळी होती.

“ईशाननं काच उघडून काढला,” तो म्हणाला. “आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये. घे. हवा होता ना तुला?”

मी टॉवेल उलगडला. वार्निशानं भोकं बुजली होती.

“हे कुणी केलं?”

“इंटिरियरवाल्यानं. म्हणाला, गंजेल.”

“मूर्ख आहे.”

“मीही आहे,” दादा म्हणाला. “सॅंडपेपर आहे का घरात?”

बाल्कनीत बसून आम्ही दोघांनी तो घासला. गॅसवर तापवला, पुन्हा घासला, दाभणानं एकेक भोक मोकळं केलं. वार्निश जळल्याचा घाण वास घरभर झाला. खाली पाण्यावर सहलीच्या होड्या फिरत होत्या. दादाच्या महागाच्या शर्टावर काळे डाग पडले, त्यानं ते पुसलेही नाहीत. दुपारपर्यंत खालचं लोखंड दिसायला लागलं, काळं, गुळगुळीत, दांड्यावर अंगठ्याच्या जागी खोलगट झालेलं. मी माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. तो त्या खळग्यात हरवला.

मी बेसन भिजवलं, तेल तापत ठेवलं, पाक केला. इतक्या वर्षांत मी हजार लोकांच्या बुंदीला नावं ठेवली होती, त्यामुळे ती कशी करतात हे आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. झारा कढईवर धरला, पीठ ओतलं, दांडा ठोकला. पीठ गोळ्यानं पडलं. पाणी घातलं. मग ते एका धारेत पडलं आणि तेलात जाळी झाली. तिसऱ्या घाण्याला कळ्या आल्या, प्रत्येकीला लांब शेपटी. बेडकाची पिल्लं तळल्यासारखी दिसत होती.

“तात्यांनी पान सरकवलं असतं,” दादा म्हणाला.

“पान वाढेपर्यंत थांबलेच नसते ते.”

आम्ही हसलो. उभ्या उभ्या, कढईतूनच उचलून खात होतो. आणि त्या हसण्याच्या भरात मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. “त्यांनी तुलाच का दिला रे? तूच तर तसा बोलला होतास.”

दादानं हातातल्या कळ्या ताटात टाकल्या. “जाऊ दे ना.”

“सांग.”

“तुला नाही आवडणार.”

“दादा, सांग.”

त्यानं गॅस बंद केला. कढईकडे बघत सांगितलं. “बाबा बॅगेचं बघायला गेले होते. तात्यांनी पिशवीतून झारा काढला आणि मला दिला. मी रडायला लागलो. म्हटलं, मला नको, तिला द्या. तिचा तुमच्यावर जीव आहे. तर म्हणाले, ‘तिला नको.’ म्हटलं, का? तर म्हणाले, ‘तुला माझी लाज वाटली. लाज वाटली म्हणजे मी तुझा कुणीतरी आहे. ती हसली. आधी आजूबाजूला बघून घेतलं कुणाकुणाची तोंडं कशी आहेत, आणि मग हसली. लाजणाऱ्याचं पुढे काहीतरी होतं. असं हसणाऱ्याचं काय करायचं, मला कळत नाही.’”

खाली एका होडीवर मोठ्यानं गाणं लागलं होतं. मी ताटातल्या शेपटीवाल्या कळ्या एका बाजूला सारत होते, पुन्हा दुसऱ्या बाजूला.

“मी तुला देणारच होतो,” दादा म्हणाला. “दर वेळी वाटायचं, दिला तर हे सांगावं लागेल. म्हणून नाही दिला.”

माझ्याशी जन्मभर कुणी इतकं चांगलं वागलं नव्हतं, आणि वागणारा तो माणूस होता ज्याला मी काचेतल्या पाटीवरून, झब्ब्यावरून, कोकमाच्या ग्लासावरून गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात उष्ट्यासारखा बाजूला सारत आले होते. मला त्याला हे सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, “पाटीवरचं इंग्रजी तरी नीट करून घे. ‘रॉयल किचन’च्या आधी ‘द’ सुटलाय.”

“पाटी काढली ईशाननं,” तो म्हणाला.

जाताना त्यानं झारा टेबलावरच ठेवला होता. मी तो धुतला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिला. “ने. त्यांनी तुला दिलाय.” तो ‘अगं’ म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून निघाला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी शारजाच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेले आणि बुंदीचा साधा झारा घेतला. पत्र्याचा, हलका, त्याला ना घराणं, ना गोष्ट. गेले चार रविवार मी सकाळी बेसन भिजवते. ठोका हातात बसत नाही. नवरा म्हणतो, छान आहे की, आणि मी त्याच्या पुढून ताट ओढून घेते. चिकट, तेलकट, कुठे करपलेल्या, कुठे कच्च्या. एकटीच खाते. ईशानचा दोनदा फोन आला, कधी येऊ म्हणून. दादानंही विचारलं. दोघांनाही अजून बोलावलेलं नाही. कुणापुढे वाटी धरावी अशी बुंदी माझ्या हातून अजून एकदाही पडलेली नाही.